लाईन बदलायची आहे

नळाखाली पातेलं ठेवावं, सबंध पेपर वाचावा, शब्दकोडं अर्धवट सोडून परत यावं, तरी पातेल्याचा तळ नुसता ओला झालेला असावा, अशी वेळ आमच्या स्वयंपाकघरावर आली तेव्हा मी प्लंबरला बोलावलं. त्याने नळ सोडला, धारेकडे पाहिलं, नळ बंद केला आणि पेशंटच्या नातेवाइकांना बाजूला घेऊन डॉक्टर बोलतात त्या आवाजात म्हणाला, "सर, लाईन गेली."

"कुठे गेली?"

"गेली म्हणजे संपली. आतून गंजलीय. नवी टाकायला लागणार."

मी शाळेत इंग्रजी शिकवतो. त्यामुळे एखादा इंग्रजी शब्द कोणी असा उघड्यावर टाकला की मला तो उचलून, पुसून, जागच्या जागी ठेवल्याशिवाय राहवत नाही. मी प्लंबरला समजावलं, की लाईन म्हणजे मुळात रेघ. मग ओळ, रांग, दोरी, कवितेतली ओळ, नटाचं वाक्य, मासेमारीची दोरी... प्लंबर बराच वेळ ऐकत होता. मग म्हणाला, "ते सगळं असेल सर, पण तुमची गंजलेली आहे."

या शब्दाने मला पूर्वीही दगा दिला होता. एका विद्यार्थ्याला वहीत निष्कारण रेघा ओढायचा नाद होता. मी त्याच्या वडिलांना शाळेत बोलावून गंभीरपणे सांगितलं, "तुमचा मुलगा वर्गात सारखा लाईन मारतो." वडिलांनी माझ्यासमोर त्याला एक ठेवून दिली आणि विचारलं, "कोणावर?" मी म्हणालो, "समास सोडून सगळ्यांवर." तेव्हापासून मी शाळेत 'रेघ' म्हणतो.

असो. नळ.

मी लाईन बदलायची ठरवली आहे ही बातमी प्लंबर जिना उतरायच्या आत इमारतभर झाली. पहिल्या आल्या समोरच्या काकू. काकूंची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. निवृत्त झाल्या तरी त्यांच्या दृष्टीने जगात लाईन एकच.

"लाईन खराब झाली म्हणे? तरीच काल मी दोनदा फोन केला तर नुसती खरखर. सर, तुम्ही वायर सोडवून पुन्हा लावा, आणि मी घरातून बोलते, तुम्ही 'हॅलो' म्हणा."

"काकू, पाण्याची लाईन."

"अगंबाई, पाणी शिरलं का वायरीत?"

त्यांना नळापाशी नेऊन थेंब दाखवावे लागले.

दुसरे आले इमारतीच्या कमिटीचे अध्यक्ष. हे निवृत्त पीटी मास्तर. छातीवर शिट्टी नाही एवढाच फरक पडलाय. कोणी जिन्यात सायकल लावली, कोणी गॅलरीतून चादर झटकली, की ते त्याला "लाईनीवर आणतात." गच्चीवरच्या पाण्याच्या व्हॉल्व्हच्या खोलीला त्यांनी स्वखर्चाने एक भलंमोठं कुलूप घातलंय आणि त्याची किल्ली त्यांच्या कमरेला असते. झोपेत कूस वळताना ती वाजते असं त्यांच्या मिसेस सांगतात.

"परस्पर लाईन बदलायची नाही," अध्यक्ष म्हणाले. "आधी पाणीपुरवठ्याच्या कार्यालयाची परवानगी आणा. मग बघू."

म्हणून मी शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा काढून कार्यालयात गेलो. एका खिडकीवर पाटी होती, 'लाईनसंबंधी तक्रारी'. खिडकीसमोर चिटपाखरू नव्हतं. शेजारच्या खिडकीसमोर मात्र जिन्यापर्यंत रांग. मी रांगेतल्या शेवटच्या गृहस्थांना विचारलं, "ही कसली लाईन?"

"बिलाची."

"मग लाईनची लाईन?"

"ती तिथे. पण तिथे कोणीच उभं नाही, म्हणून आम्ही इथे उभे आहोत."

हे मला त्या क्षणी पूर्णपणे पटलं आणि मी त्यांच्या मागे उभा राहिलो, यावरून सरकारी इमारतीतल्या हवेचा माणसाच्या बुद्धीवर काय परिणाम होतो ते कळावं. माझा नंबर आला तेव्हा कारकुनाने शेजारच्या खिडकीकडे बोट दाखवलं, स्वतःची खुर्ची उचलली, तिकडे नेऊन ठेवली आणि तिथून मला हाक मारली.

"लाईन कोणाची?"

"माझी."

"मेन लाईन आमची. मीटरच्या पुढे तुमची. बिघाड कुठे आहे?"

"प्लंबर म्हणतो, मधे आहे."

"मधे म्हणजे वादाचा विषय. साहेबांना विचारावं लागेल. साहेब लाईनवर आहेत."

मला फार बरं वाटलं. डोक्यावर टोपी घालून प्रत्यक्ष खड्ड्यात उतरणारे अधिकारी आजकाल कुठे मिळतात? मी म्हणालो, "मी तिथे जाऊन भेटू का? कुठल्या भागात आहेत?"

"फोनवर आहेत हो," कारकून म्हणाला.

साहेबांचा फोन संपेपर्यंत कार्यालय जेवायला गेलं. जेवून आलं तर कारकून म्हणाला, "साहेबांची लाईन बदलली. ते रस्त्यावर आले."

"अरेरे! कशामुळे?"

"रस्ते विभागात बदली झाली त्यांची. बढती आहे."

नव्या साहेबांनी माझं म्हणणं ऐकून घेतलं आणि अतिशय सभ्यपणे विचारलं, की स्वतःच्या घरातली लाईन बदलायला परवानगी लागते हे मला कोणी सांगितलं. मी अध्यक्षांचं नाव घेतलं नाही. माणसाला शेजारी राहायचं असतं.

तर परवानगी नको हे कळायला एक रजा गेली, आणि त्या संध्याकाळी मी प्रतिज्ञा केल्यासारखा ओट्याखाली शिरलो. निदान लाईन जाते कशी ते स्वतःच्या डोळ्यांनी बघावं म्हणून. ओट्याखालच्या कपाटात माझं कमरेपर्यंतचं शरीर मावलं. बाकीचं फरशीवर राहिलं. अशा अवस्थेत मी असताना मुलगी ऑफिसमधून आली आणि फ्रिजला टेकून जमिनीवर बसली. मला तिची फक्त पावलं दिसत होती.

आमची एकुलती एक मुलगी विमा कंपनीत नोकरीला. मोठं ऑफिस, गळ्यात ओळखपत्र, सबंध भिंतीची काच. तिथे ती नक्की काय करते हे मला माहीत नव्हतं, पण काचेमुळे समाधान होतं.

"बाबा, एक बोलायचं होतं. लाईनबद्दल."

घरात अखेर कोणीतरी या विषयात लक्ष घातलं म्हणून मला भरून आलं. "बोल की!"

"मला वाटतं, आता बदलावी."

"वाटतं काय? बदलायलाच हवी!"

पावलं जरा जवळ सरकली. मग हळूच, "तुम्हाला चालेल?"

"न चालायला काय झालं? किती वर्षं असंच ढकलायचं? बाहेरून चकचकीत आहे म्हणून कोणाला कळत नाही. आतून सगळं कुजलंय. रोज सकाळी उठायचं आणि थेंब थेंब गोळा करत बसायचं, याला काय जगणं म्हणतात?"

"अगदी हेच, बाबा," ती म्हणाली. "मला वाटायचं, मलाच एकटीला असं होतंय."

"एकटीला कसं? तुझ्या आईला विचार. आणि लोक म्हणतील, चालतंय ना, मग कशाला हात लावता. लोकांना काय! त्यांना थोडंच रोज भोगायचंय?"

"सुरुवातीला त्रास होईल थोडा."

"होऊ दे. तोडफोड आहे, धूळ उडणार. पण एकदा मनासारखं झालं की जन्माची काळजी मिटली. जुने वॉशर बदलत बसण्यात काही अर्थ नसतो."

बाहेरची पावलं एकदम आखडली, मग हळूहळू सैल झाली. ती म्हणाली, "नव्या लाईनीत पितळेचं काम जास्त आहे."

"उत्तम! पितळच हवं. प्लॅस्टिकच्या नादी लागायचंच नाही."

"बारीक काम आहे. हात काळे होतात."

"मग होऊ देत की! हात काळे व्हायची लाज कसली?"

यावर ती उठली आणि तिने माझ्या गुडघ्याला मिठी मारली. दुसरं काही हाताला लागण्यासारखं बाहेर नव्हतं. नव्या पिढीला पाइपांबद्दल इतकी माया असेल याची मला कल्पना नव्हती. मी सुखावून डोकं वर केलं आणि ते सिंकच्या बुडावर आपटलं.

पुढचे काही दिवस घरात माझी किंमत कमालीची वाढली. बायकोने पाहुण्यांसाठी ठेवलेल्या कपात मला चहा दिला आणि समोर बसून माझ्याकडे बघत राहिली.

"तिने सांगितलं मला सगळं," ती म्हणाली. "तुम्ही इतक्या सहज हो म्हणाल असं वाटलं नव्हतं हो. मी उगाच तुम्हाला हेकट समजत होते."

"घरातल्या कर्त्या माणसाला असे निर्णय घ्यावेच लागतात," मी कप खाली ठेवत म्हणालो. नळासाठी हे जरा जास्त होतंय असं मनात आलं, पण कौतुक जास्त होतंय म्हणून तक्रार करणारा नवरा मी तरी पाहिलेला नाही.

मग मेहुण्याचा फोन आला. हा माझ्या बायकोचा थोरला भाऊ. स्वतःच्या लग्नातसुद्धा तो इतरांना सल्ला देत होता.

"भावोजी, काय ऐकतोय मी? इतकी पक्की लाईन! लोक तिथे शिरण्यासाठी धडपडतात, आणि तुम्ही खुशाल सोडायला सांगता?"

"अहो, मी स्वतः शिरून बघितलंय," मी म्हणालो. "डोकं घालून. आत नुसता गाळ आहे."

"गाळ? मोठमोठी माणसं आहेत तिथे!"

मेहुण्याला अलंकारिक बोलायची सवय आहे. मीही त्याच सुरात म्हणालो, "असतील. पण सगळी अडकून बसलीत. पुढे काही सरकत नाही."

पलीकडे घसा खाकरल्याचा आवाज झाला. "तुम्ही शिक्षक माणूस," शेवटी तो म्हणाला, "तुमचा विचार असेल काहीतरी." हे वाक्य मेहुण्याच्या तोंडून ऐकण्यासाठी मी लग्न झाल्यापासून थांबलो होतो.

कामाचा दिवस उजाडला. प्लंबर पाना घेऊन आला. व्हॉल्व्ह बंद करायला किल्ली हवी, तर अध्यक्ष घरी नव्हते. दाढ काढायला गेले होते. "हरकत नाही," प्लंबर म्हणाला, "या नळाला पाणी आहेच कुठे? असंच सोडवतो." मलाही ते पटलं. गंजलेला तुकडा आमच्या नळाच्या अलीकडे होता आणि त्याच्याही अलीकडे सबंध टाकीचं पाणी वाट बघत उभं होतं, हा विचार आम्हा दोघांनाही शिवला नाही.

प्लंबरने पाना फिरवला. एक खणखणीत आवाज झाला आणि इतकी वर्षं तुंबलेलं सगळं पाणी एकदम माझ्या चष्म्यावर आलं. ते ओट्यावरून डब्यांवर, डब्यांवरून भिंतीवरच्या घड्याळावर गेलं. "सर, अंगठा दाबा!" प्लंबर ओरडला आणि गच्चीकडे पळाला. मी अंगठा दाबला. बायको मिळेल तो टॉवेल आणून दारात बांध घालू लागली. समोरच्या काकू धावत आल्या आणि आमच्या उंबरठ्यावर जिन्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. वरचं खाली आणि खालचं वर पोचवायला कोणीतरी हवं, हे त्यांना न सांगता कळलं.

"कुलूप तुटत नाही म्हणतोय!" काकूंनी पहिला निरोप दिला. "हातोडी मारली तर हातोडीचा दांडा तुटला."

"अध्यक्षांना फोन लावा!"

काकूंनी लावला आणि फोन माझ्या कानाला धरला. अध्यक्ष दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीतून बोलत होते, तोंडात कापसाचे बोळे घेऊन. "इल्ली आझ्याअडे आहे," ते म्हणाले. मी ओरडलो, "काय?" "इल्ली! आझ्याअडे!" तेवढ्यात डॉक्टरांनी बहुधा फोन काढून घेतला.

आणि याच वेळी मुलगी घरात आली. हातात पुठ्ठ्याचं खोकं, त्यात एक मग, एक कुंडी आणि कोरी डायरी.

"अगं, भर दुपारी कशी?" मी कारंज्यातून विचारलं. "ऑफिसला सुट्टी?"

"सोडलं ना बाबा. आज शेवटचा दिवस होता."

"काय सोडलं?"

"नोकरी. तुम्हीच नाही का म्हणालात, लाईन बदलायलाच हवी?"

जगात धक्के अनेक माणसांना बसतात. पण त्या वेळी खुर्चीत मटकन बसायची, छातीवर हात ठेवायची, निदान येरझाऱ्या घालायची तरी सोय असते. मला अंगठा हलवता येत नव्हता. तोंड उघडलं की त्यात पाणी जात होतं. विमा कंपनीची काच, गळ्यातलं ओळखपत्र, गुडघ्याला मारलेली मिठी, पाहुण्यांचा कप, मेहुण्याचं "तुमचा विचार असेल काहीतरी", सगळं त्या पाण्यातून माझ्या अंगावर आलं.

"आणि... आता कुठली... लाईन?" मी घोट गिळत विचारलं.

"कुलपं," बायकोच परस्पर म्हणाली. टॉवेल पिळता पिळता. "तुम्हाला माहीत असून काय विचारताय? बाजारातल्या चावीवाल्या आजोबांकडे शिकली ना ती, रविवारी."

रविवारी ती पोहायला जाते असं मला सांगण्यात आलं होतं. टॉवेल नेहमी कोरडा परत यायचा तेव्हा मी पोहण्याच्या तलावाच्या व्यवस्थेचं कौतुक करत असे.

"वर कुलूप अडलंय का?" मुलीने काकूंना विचारलं. खोकं खाली ठेवलं, पर्समधून चामड्याची एक गुंडाळी काढली आणि ती जिन्याने वर गेली.

पुढचं सगळं मी काकूंच्या तोंडून पाहिलं. त्या चार पायऱ्या चढून उभ्या राहिल्या होत्या, तिथून गच्चीवरच्या खोलीचं दार दिसतं. "बसली खाली," काकू म्हणाल्या. "प्लंबरला बाजूला हो म्हणाली. कुलपाला काहीतरी तेल दिलं. आता कान लावलाय. सर, कान लावलाय हो कुलपाला! दोन बारीक सळया घातल्या. डोळे मिटलेत तिने. प्लंबर काहीतरी बोलतोय, तिने त्याला गप्प बस म्हटलं. परत पहिल्यापासून करतेय. आता..." काकू थांबल्या.

"आता काय? काकू! बोला ना!"

काकूंनी सांगायची गरज राहिली नाही. माझ्या अंगठ्याखालचा जोर हळूहळू उतरला. मग नुसतं ओलं लागलं. मग तेही नाही. मी अंगठा काढला. त्याचा पांढरा, सुरकुतलेला, परका झालेला शेंडा बघत मी ओल्या फरशीवर बसून राहिलो.

मुलगी खाली आली ती उघडलेलं कुलूप हातात घेऊन, मागोमाग प्लंबर. ते फुटलेलं नव्हतं. हातोडीचा एक चरा सोडला तर जसंच्या तसं होतं.

"तू मला ओट्याखाली गाठून फसवलंस," मी म्हणालो. माझ्या आवाजात जेवढा दुखावलेला मान आणता येईल तेवढा आणला, पण नाकातून पाणी येत असताना मान फार टिकत नाही. "मी नळाबद्दल बोलत होतो."

बायकोच्या हातातलं फडकं खाली पडलं.

"मला कळलं होतं," मुलगी म्हणाली आणि माझ्यासमोर त्या पाण्यातच बसली. "आधी नव्हतं कळलं. खरंच वाटलं की तुम्ही माझ्याबद्दल बोलताय. मग तुम्ही 'वॉशर' म्हणालात तेव्हा लक्षात आलं. पण बाबा, तोपर्यंत तुम्ही 'लोकांना काय' म्हणून टाकलं होतंत. समोर बसून विचारलं असतं तर तुम्ही मला विम्याचे फायदे सांगितले असतेत."

हे खोटं नव्हतं. फायद्यांची सुरुवातसुद्धा माझ्या जिभेवर तयार होती.

"अजून महिनाभर परत जाता येईल," ती कुलपाकडे बघत म्हणाली. "आमच्या ऑफिसच्या साहेबांनी तसं सांगितलंय. तुम्ही जा म्हणालात तर जाईन. तुम्हाला तोंडघशी पाडून नाही करायचं मला हे."

बायको माझ्याकडे बघत होती. पाहुण्यांच्या कपाचं भवितव्य तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. काकू दारात होत्याच. मला काहीतरी बोलणं भाग होतं, म्हणून मी जे मनात होतं ते विचारलं.

"कान कशाला लावलास कुलपाला?"

तिचा चेहरा एकदम बदलला. "अहो, आत पिना असतात, बारीक, पितळेच्या. प्रत्येकीची उंची वेगळी. किल्ली म्हणजे काय, तर सगळ्यांना एका पातळीत आणणारी वस्तू. ती नसेल तर एकेकीला हळूच उचलायचं, आणि एक बसली की अगदी बारीक 'टक्' होतं. या कुलपातली तिसरी हट्टी होती. हे बघा, हात द्या इकडे." तिने माझा तो निकामी झालेला अंगठा धरून कुलपाच्या भोकाशी नेला आणि सांगत राहिली. कुठल्या कुलपाचा स्वभाव कसा, जुनी कुलपं नव्यांपेक्षा सोपी का, आजोबा डोळ्यांनी अधू झाले तरी हाताने कसे ओळखतात. विमा कंपनीतल्या इतक्या वर्षांत तिने मला तिथली एकही गोष्ट अशी सांगितली नव्हती. मी विचारलीही नव्हती. मी काचेवर खूश होतो.

तेवढ्यात जिन्यावर दमदार पावलं वाजली. अध्यक्ष. एक गाल सुजलेला, तोंडावर रुमाल आणि डोळ्यांत आग. प्लंबरच्या तुटक्या हातोडीचा दांडा त्यांना वाटेत सापडला होता. त्यांनी मुलीच्या हातातल्या कुलपाकडे बोट केलं.

"ओणी ओडलं?" त्यांनी गरजून विचारलं.

"कोणी फोडलं, असं विचारतायत," काकूंनी जोडून दिलं.

प्लंबर भिंतीला चिकटला. मुलगी उठायला लागली, पण मी तिच्याआधी उठलो. पायजमा निथळत होता, चष्मा कुठेतरी डाळीच्या डब्यामागे होता, आणि तरी अध्यक्षांसमोर मी इतका ताठ याआधी कधी उभा राहिल्याचं मला आठवत नाही.

"फोडलेलं नाही," मी म्हणालो. "उघडलंय. माझ्या मुलीने. ती याच लाईनीत आहे."

अध्यक्षांनी कुलूप घेतलं. उलटसुलट करून पाहिलं. कमरेची किल्ली काढून लावलं, उघडलं, पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं. मग त्यांच्या चेहऱ्यावरचा राग हळूहळू ओसरला आणि तिथे थोडा संकोच आला. ते मुलीकडे वळून बराच वेळ काहीतरी बोलले. त्यात एकही व्यंजन नव्हतं. आम्ही सगळ्यांनी काकूंकडे पाहिलं.

"मिसेसच्या लोखंडी कपाटाची किल्ली यांच्या हातून हरवलीय," काकू म्हणाल्या. "त्यांना अजून सांगितलेलं नाही. त्या बाहेर गेल्यात. येईपर्यंत होईल का, असं विचारतायत."

मुलीने माझ्याकडे बघितलं. परवानगी मागायला नव्हे, तर तिला हसू आवरत नव्हतं म्हणून. "बघते," ती म्हणाली आणि गुंडाळी बांधायला लागली. आमच्या स्वयंपाकघरात घोटाभर पाणी साचलं होतं, नळाच्या जागी भिंतीत भोक होतं, आणि प्लंबर वेगळ्या मापाचा तुकडा आणायला जातो म्हणून एव्हाना सटकला होता. बायको मला हातात फडकं देणार इतक्यात मी चामड्याची ती गुंडाळी मुलीच्या हातून घेतली. गुंडाळीला काही वजन नव्हतं. पण ती घेऊन मी अध्यक्षांच्या मागोमाग, पायऱ्या ओल्या करत, मुलीच्या पुढे जिना उतरलो.